आजीच्या तीन जन्मतारखा : पाचवीच्या वर्गातली एक कालरेषा

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली एक जिल्हा परिषद शाळा, पाचवीचा वर्ग, शैक्षणिक वर्ष २०२४-२५. त्या वर्षी तिथे कालरेषा कशी शिकवली गेली, त्याची ही नोंद आहे. मी त्याच केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या त्याच गटातल्या, शेजारच्या शाळेत शिकवतो. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, तिथल्या वर्गशिक्षिकांनी या कामाची सुरुवात मांडली आणि मी त्यांच्या वर्गात येऊन बसण्याची परवानगी मागितली. गावाचं, मुलांचं आणि शिक्षिकांचं नाव मुद्दाम देत नाही. वर्गातली बहुतेक मुलं कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांची किंवा शेतमजुरांची. दोन-तीन घरी संत्र्याच्या बागा आहेत.

अडचण पहिल्या घटक चाचणीत दिसली. चार गोष्टी काळाच्या क्रमानं लावायच्या होत्या : दगडाची हत्यारं, हडप्पा संस्कृती, शिवरायांचा राज्याभिषेक आणि चांद्रयान-३. चांद्रयान सगळ्यांनी बरोबर शेवटी ठेवलं, कारण २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ त्यांनी स्वतः पाहिलेली होती. बाकीच्या तीन गोष्टींत मात्र अर्ध्याहून जास्त मुलांनी राज्याभिषेक सर्वांत आधी लिहिला आणि दगडाची हत्यारं त्यानंतर.

शिक्षिकांनी उत्तरं नुसती चूक म्हणून खोडली नाहीत. एकेका मुलाला जवळ बसवून असं का लिहिलं ते विचारलं. एका मुलीनं सांगितलं, "चौथीत शिवाजी महाराज होते मॅडम, आदिमानव पाचवीत आला. म्हणून तो नंतरचा." तिच्या बाजूनं पाहिलं तर हे उत्तर अगदी तर्काला धरून आहे. आपल्याकडे चौथीचं इतिहासाचं पुस्तक पूर्णपणे शिवछत्रपतींचं, म्हणजे सतराव्या शतकाचं. पाचवीत 'इतिहास म्हणजे काय', कालसंकल्पना, उत्क्रांती, अश्मयुग. सहावीत प्राचीन भारत. मुलाच्या डोक्यात भूतकाळ ज्या क्रमानं शिरतो, तोच त्याला काळाचा क्रम वाटतो. पुस्तकं अशी का रचली याला कारणं आहेत आणि मला ती पटतातही. पण हा गुंता सोडवायला पाचवीत कुणीतरी थांबायला हवं, आणि तो एका तासिकेत सुटत नाही.

'माझी जीवनरेषा' हा उपक्रम बऱ्याच शाळांत होतो. मूल एका पट्टीवर जन्म, पहिला वाढदिवस, अंगणवाडी, पहिली असं लिहितं, चार चित्रं चिकटवतं, तक्ता भिंतीवर लागतो आणि पुढच्या सोमवारी धडा पुढे सरकतो. माझ्या मते त्यात इतिहास फारसा नसतो. मूल स्वतःबद्दल जे आधीच जाणतं तेच लिहितं, त्याला कुणी हरकत घेत नाही, आणि रेषा त्याच्या जन्मापाशी संपते. या शिक्षिकांनी सुरुवात तिथूनच केली, पण त्या तिथे थांबल्या नाहीत, म्हणून हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

रेषेसाठी त्यांनी कागद न घेता दोरी घेतली. सरकी टोबताना दोन झाडांतलं अंतर सारखं राहावं म्हणून खुणा केलेली दोरी शेतात ताणतात; ती मुलांनी धरलेली असते, तिची शिस्त त्यांना ठाऊक असते. वर्गातल्या दोरीला दर दहा सेंटिमीटरवर एक गाठ, एक गाठ म्हणजे एक वर्ष. पाचवीच्या मुलाचं सगळं आयुष्य एक मीटरच्या जरासं पुढे जातं. मुलांनी आपापल्या दोरीवर चिठ्ठ्या अडकवल्या.

इथे एक गोष्ट आपोआप वर आली. जवळपास सगळ्यांच्या दोरीवर एकाच ठिकाणी काहीतरी विचित्र होतं. ही २०१३-१४ साली जन्मलेली मुलं. २०२० च्या जूनमध्ये त्यांचं नाव पहिलीत दाखल झालं, पण शाळा बंद. राज्यातल्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे पहिली अख्खी आणि दुसरीचा बराच भाग यांनी शाळेबाहेर काढला. कुणी 'पहिली' ची चिठ्ठी त्या गाठीवर लावली होती, कुणी लावलीच नव्हती, एकानं ती २०२१ च्या शेवटी लावली, "कारण शाळेत तवाच आलो". त्यावर वर्गात वाद पेटला. रजिस्टरप्रमाणे तू पहिलीत होतास. पण तू शाळा पाहिलीच नव्हतीस. मग पहिली केव्हा झाली? शिक्षिकांनी निकाल दिला नाही. दोन्ही चिठ्ठ्या लावायला सांगितल्या, एकीवर 'नोंदीप्रमाणे' आणि दुसरीवर 'आठवणीप्रमाणे' असं लिहून. हे दोन शब्द पुढे सगळ्या कामाला पुरले.

त्यानंतर त्यांनी विचारलं की आईचं लग्न कुठे लावाल. दोरी संपली होती. मुलांनी ती मागे वाढवली आणि प्रश्न आला तो आकड्यांचा. जन्माच्या गाठीला बहुतेकांनी शून्य मानलं होतं. मग आईचं लग्न 'जन्माआधी ३', आईचा जन्म 'जन्माआधी २३'. इसवी सनपूर्व २६०० हे इसवी सनपूर्व ३०० च्या आधी कसं, हे फळ्यावर समजावताना आम्ही सगळेच थकतो. इथे मात्र २३ हे ३ च्या आधी येतं याबद्दल कुणाला शंका राहिली नाही, कारण लग्नाआधी आईचा जन्म झालेला असतोच. मग शिक्षिकांनी दोन मुलांना शेजारी उभं केलं. दोघांच्या 'जन्माआधी ३' या गाठी वेगवेगळ्या वर्षांवर पडत होत्या. प्रत्येकाचं शून्य वेगळं असेल तर एकमेकांशी बोलायचं कसं? सगळ्यांना मिळून एक सुरुवात ठरवावी लागते, हे मुलांनीच म्हटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २०२४ च्या जवळच शके १९४६ छापलेलं होतं. तेही एक शून्य, दुसऱ्या कुणी ठरवलेलं. मोठ्या माणसांच्या या सनावळ्या म्हणजे काय, हे सांगायला एवढं पुरेसं होतं.

एक बारीक मुद्दा त्यातच सुटला. घरी कुणी वय विचारलं की आजी म्हणते, "अकरावं लागलं." म्हणजे दहा पूर्ण झाली, अकरावं चालू. पहिलं वर्ष जन्मापासूनच सुरू होतं, शून्यावं वर्ष असं नसतं. म्हणून इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येतं आणि १९०१ ते २००० हे विसावं शतक होतं. शतक मोजताना एक आकडा पुढे का धरायचा हे आठवीच्या मुलांनाही अडतं. ते पाचवीत इतक्या सहज सुटलेलं मी प्रथमच पाहिलं.

प्रकरणाचा गाभा मात्र पुढच्या कामात आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा जन्म दोरीवर लावून आणायचा, आणि तो कशावरून ठरवला तेही लिहून आणायचं, असं काम दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीचं आधार कार्ड घेऊन आली. त्यावर तारीख १ जानेवारी १९५०. वर्गात आणखी दोघा-तिघांच्या आजी-आबाजींची तारीखही १ जानेवारीच होती. मुलांना आधी गंमत वाटली, मग संशय आला. गावातली इतकी म्हातारी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली?

शिक्षिकांनी मुख्याध्यापकांकडून शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढून घेतलं. शाळा १९६० च्या आधीची. जुन्या पानांवर जनपद सभेचा शिक्का आहे. त्या मुलीची आजी याच गावची लेक, दिली तीही जवळच्याच गावात, आणि म्हातारपणी परत इथेच राहायला आलेली. म्हणून तिचं नाव सापडलं. १९५३ साली पहिलीत दाखल, पुढच्या वर्षी खारीज, जन्मतारीख १ जुलै १९४६. आणि त्याच पानावर १ जुलै आणखी कितीतरी नावांपुढे.

आता कागदावरच्या दोन तारखा झाल्या. मग मुलं आजीकडे गेली. आजी शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कागदावरचं तुमचं तुमाले मालूम. गांधीबाबा गेले तवा मी पायन्यात होती, माय सांगे. अन् पोळ्याच्या कराले जन्मली, हे पक्कं."

गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. तेव्हा पाळण्यात, म्हणजे फार तर वर्षाच्या आतबाहेर. पोळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, कर म्हणजे त्याचा दुसरा दिवस. मुलांनी दोरीवर बोटं टेकवून मोजलं : १९४८ चा पोळा तर जानेवारीनंतरचा, १९४६ चा धरला तर आजी त्या जानेवारीत जवळजवळ दीड वर्षाची, चालायला लागलेली. उरतो १९४७ चा. स्वातंत्र्य मिळालं त्याच पावसाळ्यात.

ज्या मुलीनं आधार कार्ड आणलं होतं तिनं विचारलं, "मंग मॅडम, कार्डावर खोटं हाय काय?" शिक्षिकांचं उत्तर मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं : "खोटं म्हणायच्या आधी विचारायचं, हे कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं आणि कशासाठी लिहिलं." १९५३ च्या गुरुजींना दाखला करायचा होता. तारीख माहीत नाही आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी सत्राच्या सुरुवातीची तारीख टाकली आणि वय पुरेसं दिसेल असं साल. आधारची नोंद झाली तेव्हा आजींनी अंदाजानं वय सांगितलं आणि जन्माचं फक्त साल कळलं की १ जानेवारी लिहिली जाते. आईनं सांगितलेली आठवण कागदावर नव्हती, पण ती दोन मोठ्या घटनांना बांधलेली होती, आणि त्या घटनांच्या तारखा पक्क्या आहेत.

तरी शिक्षिकांनी आठवणीला विजयी ठरवलं नाही. आजींच्या आईनं 'पाळण्यात' म्हणताना नेमकं किती लहान बाळ मनात धरलं असेल, हे आपल्याला सांगता येत नाही, असं त्यांनी मुलांपुढे ठेवलं. दोरीवर चिठ्ठी लागली ती अशी : 'आजीचा जन्म, इ.स. १९४७ च्या सुमारास.' इतिहासाच्या पुस्तकात 'सुमारास' का लिहितात, हे या वर्गाला आता समजावून सांगावं लागत नाही. तो लेखकाचा आळस नसून प्रामाणिकपणा आहे, हे त्यांनी स्वतः करून पाहिलंय. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला या एका चिठ्ठीइतकं समाधान फार थोड्या गोष्टींनी दिलं आहे.

रजिस्टरच्या शिक्क्यावरून आणखी एक दार उघडलं. जनपद सभा म्हणजे काय, जिल्हा परिषद का नाही? जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. त्याआधी इकडच्या शाळा जनपद सभा, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था, चालवीत. आणि तेव्हा हे गाव महाराष्ट्रात नव्हतंच. आजी जन्मल्या तेव्हा हा भाग मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता, राजधानी नागपूर. १९५० पासून मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. आजींनी सारा जन्म या एका तालुक्यात काढला आणि त्यांचं राज्य तीनदा बदललं. मुलांनी आजीच्या दोरीवर चार रंगांच्या चिंध्या बांधल्या. नदीपलीकडच्या मावशीकडे जाणाऱ्या एका मुलानं विचारलं की तिकडेही असंच होतं का. शिक्षिकांनी त्याला थोडं मागे नेलं. वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होता, अलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. त्याच सुमारास दोन्ही बाजू इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्या. जी नदी तो पुलावरून बसनं ओलांडतो, ती कधीकाळी दोन राज्यांची हद्द होती. आपल्या भागाचा हा इतिहास राज्याच्या पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींपलीकडे येत नाही. तो शिक्षकालाच आणावा लागतो, आणि विदर्भातल्या शिक्षकांनी तो आणलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी घटना नाजूक होती. आष्टी तालुक्यात १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस प्रत्येक घराला माहीत आहे. नागपंचमीचा दिवस होता. 'चले जाव' च्या हाकेवर लोक आष्टीच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली. तिकडे चिमूरलाही त्याच दिवशी उठाव झाला. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी या गावांत ठिणगी टाकली होती. एक मुलगा अभिमानानं म्हणाला, "माया पणजा त्या मोर्च्यात होता." पणजोबा हयात नाहीत. शिक्षिका हो किंवा नाही काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी पणजोबांचा जन्म दोरीवर लावून आणायला सांगितलं. मुलाच्या आबाजींचं लग्न १९८० साली झालं, पत्रिका जपलेली होती. आबाजींना हेही आठवत होतं की त्या लग्नात "बाबाची पन्नाशी व्हायची होती". मुलानं दुसऱ्या दिवशी दोरी आणली तेव्हा तो स्वतःच अडला होता. १९८० ला पन्नाशी झाली नव्हती, म्हणजे जन्म १९३० नंतरचा. मग १९४२ ला पणजोबा बारा वर्षांच्या आतले, जवळजवळ त्याच्याच वयाचे.

वर्ग हसला नाही, कारण शिक्षिकांनी हसू दिलं नाही. त्या मुलानंच मार्ग काढला : "पाह्यलं असन त्यानं. मोर्च्यात नसन." चिठ्ठीवर त्यानं लिहिलं, 'पणजोबांनी ऐकलेला किंवा पाहिलेला.' घरी आबाजींना हे आवडेल का, याची मला काळजी होती. शिक्षिका त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आल्या. म्हातारबाबा म्हणाले की बाबा गोळीबाराच्या गोष्टी इतक्या सांगायचे, की ते तिथे होतेच असं आम्हीच धरून चाललो. कुटुंबाच्या आठवणीत अशी भर पडत जाते, त्यात लबाडी नसते. पण तारखा शेजारी मांडल्या की ती भर दिसते, आणि ती दाखवताना माणसाचा मान राखावा लागतो. हा मान राखणं हाही या पाठाचा भाग होता.

तिसरी गोष्ट सुरुवातीलाच ठरवून ठेवलेली होती. आपल्या भागात कर्जापायी बाप गमावलेली मुलं बहुतेक शाळांत आहेत. अशा वर्गात 'तुझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या घटना लिही' असं सांगणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं होऊ शकतं. म्हणून पहिल्या दिवशीच नियम सांगितला : कोणती घटना लावायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं, गाठ रिकामी ठेवली तर कारण विचारायचं नाही, आणि दुसऱ्याच्या दोरीवरची चिठ्ठी परवानगीशिवाय मोठ्यानं वाचायची नाही. वर्गातल्या एका मुलाचे वडील असेच गेले आहेत. त्यानं त्या वर्षाच्या गाठीवर लिहिलं, 'बैल विकले.' शिक्षिकांनी ती चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांसारखीच तपासली, पुढे गेल्या. बऱ्याच दिवसांनी त्यानं स्वतःहून त्याच गाठीवर दुसरी चिठ्ठी बांधली. त्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही. जीवनरेषेचा उपक्रम घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हा नियम आधी करावा, मग दोरी हातात द्यावी.

शेवटी लांबची दोरी. प्रमाण तेच, वर्षाला दहा सेंटिमीटर, पण आता वर्गाबाहेर. मुलं शाळेच्या भिंतीपासून निघाली. स्वातंत्र्य पावणेआठ मीटरवर, मैदानातच. १६७४ चा राज्याभिषेक बरोबर पस्तीस मीटरवर, कारण त्याला ३५० वर्षं झाली होती. तो फाटकाजवळ आला. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनला, राजधानी असलेले वाकाटक साधारण दीडशे-पावणेदोनशे मीटरवर, ग्रामपंचायतीच्या पुढे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातल्या माणसांची दगडी वर्तुळं आहेत. ती अडीचशे मीटरच्या पलीकडे. हडप्पा साडेचारशे मीटरच्या थोडं पुढे, नाल्याच्या पुलापाशी. तिथे उभं राहून मुलांनी मागे वळून शाळेचं फाटक पाहिलं. हडप्पा आणि शिवराय यांच्यात किती मोठा काळ आहे, हे त्यांच्या पायांना कळलं होतं.

पुढे चालणं शक्य नव्हतं. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला त्याला सुमारे तीन लाख वर्षं झाली, म्हणजे तीस किलोमीटर. आणि शेतातली काळी माती ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला साडेसहा हजार किलोमीटर दोरी लागेल, नागपूर ते दिल्ली या रेल्वेच्या अंतराच्या सहापट. हा भाग मुलांनी ऐकला, पण पचवला नाही. दोन-चार जणांना तीस किलोमीटर कळले, कारण तेवढ्या अंतरावरचं गाव त्यांनी पाहिलेलं होतं. हजारांचे आकडे त्यांच्यासाठी अजून नुसते आकडेच आहेत, आणि पाचवीत तेवढं चालेल असं मला वाटतं.

दुसऱ्या सत्राच्या चाचणीत तोच प्रश्न वेगळ्या घटना घेऊन विचारला. क्रम बहुतेकांचा बरोबर आला. इ.स.पू. ची वजाबाकी काही मुलांना अजून अडते. दोघांनी शून्य वर्ष मध्ये घातलं होतं. पण शिक्षिकांनी एक जास्तीचा प्रश्न टाकला होता, 'हे तुला कशावरून कळलं?', आणि त्याखाली जवळजवळ प्रत्येकानं काहीतरी लिहिलं होतं. आधी या प्रश्नाला 'पुस्तकात आहे' एवढंच उत्तर येई. आता 'नाण्यावरून', 'ताम्रपटावरून', 'शिक्क्यावरून', 'दोघांनी सारखं सांगितलं म्हणून' अशी उत्तरं होती.

काही प्रश्न उरलेच. ज्या मुलांच्या घरी आजी-आजोबा नाहीत, किंवा ज्यांचं कुटुंब कामासाठी सतत फिरतं, त्यांना शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची दोरी करायला सांगितली. त्यातून त्यांना काम मिळालं, पण स्वतःच्या घराचा धागा मिळाला नाही. जुनी रजिस्टरं बऱ्याच शाळांत वाळवीनं खाल्ली आहेत, ती आत्ताच फोटो काढून ठेवायला हवीत. आणि सहावीत प्राचीन भारत येतो तेव्हा ही दोरी पुढच्या शिक्षकाच्या हातात द्यायची की पुन्हा शून्यापासून सुरू करायची, यावर आमच्या शिक्षण परिषदेत अजून एकमत झालेलं नाही. मी दोरी पुढे द्यावी या बाजूचा आहे. त्या वर्गाची दोरी सध्या शाळेच्या कपाटात, गुंडाळून, चिठ्ठ्यांसकट ठेवली आहे, आणि जूनमध्ये सहावीच्या शिक्षकांनी ती मागून घ्यावी असा ठराव आम्ही मांडला आहे.